‘संग्रहालयाच्या परवानगीने’ छापलेलं चित्र: साडेसहा हजारांची फसवणूक

संग्रहालयातल्या चित्राची प्रिंट ऑर्डरप्रमाणे बनवून देतो असं सांगून कोणी वर ‘परवाना शुल्क’ मागत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

आई चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिच्यासाठी मी डच चित्रकार व्हर्मीरचं ‘द मिल्कमेड’ (दूध ओतणारी मोलकरीण) मागवलं. १६६० च्या सुमारास रंगवलेलं हे चित्र ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियममध्ये आहे. इन्स्टाग्रामवरच्या एका विक्रेत्याने २४ बाय १८ इंची कॅनव्हास प्रिंटचे साडेसहा हजार सांगितले. त्यातले दीड हजार म्हणे संग्रहालयाला जाणार होते. सगळे पैसे आगाऊ, यूपीआयने. बरोबर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र.

पार्सल उघडलं आणि संताप आला. अख्खं चित्र पिवळट. त्या बाईच्या ॲप्रनचा निळा रंग व्हर्मीरने लाजवर्दाच्या दगडापासून बनणाऱ्या महागड्या रंगद्रव्याने रंगवला होता. इथे तो शेवाळी झालेला. पावावरचे प्रकाशाचे बारीक ठिपके फिसकटलेले. मागच्या भिंतीवर एक खिळा आहे आणि त्याची इवलीशी सावली पडलेली आहे. आई आधी तोच शोधत होती. तो नव्हताच. मूळ चित्र ४५.५ बाय ४१ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ चौरस. ते उभट मापात बसवायला दोन्ही बाजू कापल्या होत्या. खिडकी अर्धवट, उजवीकडची पाय शेकायची पेटीही तुटलेली.

इंटरनेटवर या चित्राच्या पिवळ्या नकला इतक्या पसरल्या होत्या की संग्रहालयाच्या दुकानातल्या पोस्टकार्डांचेच रंग लोकांना खोटे वाटायचे. खुद्द संग्रहालयानेच हे सांगितलंय. चांगली प्रतिमा सर्वांना खुली करण्यामागे हेही एक कारण होतं. आज ती मोठी फाइल त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते, छापून विकताही येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनेही २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा अशाच खुल्या केल्या आहेत. मग ते दीड हजार कसले? निव्वळ थाप.

छपाई चांगली हवी तर इंचाला साधारण ३०० पिक्सेल धरतात. २४ इंचांसाठी लांब बाजूला ७२०० लागतात. बाराशे पिक्सेलचं चित्र तेवढं ताणलं तर इंचाला ५० उरतात, आणि माझ्या हातात आलेली प्रिंट तशीच दिसत होती. म्हणून फाइल कुठून घेतली, किती पिक्सेलची आहे, शाई पिगमेंटची (टिकाऊ रंगकणांची) की साधी डायची (विरघळणाऱ्या रंगाची), हे लेखी विचारा. कापणार असतील तर छपाईआधी नमुना मागा.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, “ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही.” हे ऐकून गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवलाय. त्यानंतर विक्रेता अर्धे पैसे द्यायला तयार झाला. मी नकार दिला, पूर्ण रक्कम हवी आहे.

तक्रार चालू आहे. त्याचं पान मात्र आता नाव बदलून पुन्हा सुरू झालंय, तोच सोनेरी शिक्का, तेच परवाना शुल्क; या वेळी व्हॅन गॉगची बदामाची फुलं विकतोय.