फोस्टरिंग: पिल्लं की मोठा कुत्रा?

रेस्क्यू कुत्र्यांना तात्पुरतं घर द्यायचं ठरलं की संस्थेचा पहिला प्रश्न येतो: पिल्लं चालतील की मोठा? मी दोन्ही केलंय. हल्ली मोठाच मागतो. कारण वाचून तुम्ही उलटंही ठरवाल, तेही चुकीचं नाही.

पिल्लांच्या गोडव्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्यांना घरंही पटकन मिळतात, त्यामुळे निरोप जड गेला तरी ‘याला कोणी घेईल का’ हा घोर सहसा नसतो. खरी मेख वेळापत्रकात आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लाला जे दाखवाल, ऐकवाल, त्याची भीती पुढे कमी वाटते. मिक्सरचा आवाज, उघडलेली छत्री, टोपीवाला माणूस, सगळं तेव्हाच उरकायचं. आणि लसींचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून थेट सोळा आठवड्यांपर्यंत चालू असतात. म्हणजे जग दाखवायचं, पण कडेवर घेऊन. खाली सोडायचं ते घरातच.

घरात म्हणजे फरशीवर. माझा निर्णय झाला तो इथे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू घरात महिनोन्महिने तग धरतो आणि नेहमीच्या बऱ्याच क्लीनरना दाद देत नाही. ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी, आणि जागा दहा मिनिटं ओली राहू द्यायची. नुसतं घाणीवर ओतून भागत नाही. आधी शी उचला, साबणाने धुवा, मग ब्लीच. शूवर तर थेट टाकायचंच नाही, त्यातल्या अमोनियामुळे घातक वाफा निघतात. इतकं करून जरासा वास उरला की स्वारी पुन्हा त्याच कोपऱ्यात! पहाटे एका हातात फडकं आणि पायाच्या अंगठ्याला लोंबकळणारं पिल्लू, हे काहींना आवडतं. मला पहिल्या बॅचपुरतं आवडलं.

मोठ्या कुत्र्याचंही सगळं आलबेल नसतं. रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशोब सांगतात: आधी बुजलेपण, मग रुळणं, मग घर आपलं वाटणं. सुरुवातीला तो टेबलाखालून हलत नाही, वाटी तुम्ही खोलीबाहेर गेल्यावरच रिकामी होते. दार उघडं दिसलं तर पळूही शकतो, म्हणून छातीभोवती बांधायचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा दोन्ही हवेत. खरा स्वभाव काही आठवड्यांनी कळतो; वाटीवरून गुरगुरणं, एकटं ठेवलं की भुंकणं तेव्हा वर येतं. आणि दत्तक जायला त्याला वेळ लागतो, तोवर आपला जीव पुरता गुंतलेला असतो.

पण माझ्या मते फोस्टरचा खरा उपयोग इथेच होतो. ‘मांजर चालतं, फटाके नाही’ असं मी मोठ्या कुत्र्याबद्दल खात्रीने सांगू शकतो. पिल्लाचं पुढे काय होईल, हा अंदाजच असतो.

घरात दिवसभर कोणी असेल आणि पुसायला हात भरपूर असतील, तर पिल्लं जरूर घ्या. नोकरी सांभाळून करणार असाल तर मी मोठाच सुचवेन. मागताना फक्त एवढं विचारून घ्या: एकटा किती वेळ राहतो, आणि औषधपाण्याचा खर्च कोणाकडे.