जुनी पुस्तकं की जुने क्रीडा अंक? कपाट एकच असेल तर

जुन्या कागदाचं वेड लागलं की पहिले काही महिने माणूस दिसेल ते उचलतो. मग जागा संपते आणि ठरवायची वेळ येते. त्यात खेळाचीही आवड असेल, तर समोर दोन वाटा दिसतात: दुर्मीळ आणि वापरलेली पुस्तकं, किंवा जुनी क्रीडा मासिकं-साप्ताहिकं. दोन्ही जमवणारे लोक आहेत, पण सुरुवात एकापासूनच करावी असं माझं मत. दोन्हींत पारख वेगळी लागते, जपणूक वेगळी, आणि फसायच्या जागाही वेगळ्या.

पुस्तक छापतात ते ठेवण्यासाठी. अंक छापतात तो पुढचा अंक येईपर्यंत वाचण्यासाठी. पुढचे जवळजवळ सगळे फरक यातूनच निघतात.

दुर्मीळ कशाला म्हणायचं

शंभर वर्षं जुनं पुस्तक हातात आलं की छाती फुगते. ती आवरा. लोकप्रिय पुस्तकांच्या प्रती भरपूर निघाल्या, पुठ्ठ्याच्या बांधणीत निघाल्या, कपाटात गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्यामुळे जुनी असूनही त्या ढिगाने मिळतात. पुस्तकात दुर्मीळ असते ती विशिष्ट आवृत्ती, विशिष्ट छपाई, आणि त्यातही मूळ वेष्टणासह टिकलेली प्रत.

अंकांचं गणित उलटं चालतं. मोठ्या खपाच्या साप्ताहिकाचे लाखो अंक छापले जातात आणि वर्षभरात त्यातले बहुतेक रद्दीत जातात. उरतात ते कुणीतरी मुद्दाम ठेवलेले, आणि मुद्दाम काय ठेवलं जातं? विश्वविजयाचा विशेषांक, महान खेळाडूच्या निवृत्तीचा अंक, पहिला अंक. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या अमेरिकी क्रीडा नियतकालिकाचा पहिला अंक 16 ऑगस्ट 1954 चा. मुखपृष्ठावर बॅट फिरवणारा बेसबॉलपटू एडी मॅथ्यूज. पहिलाच अंक म्हणून अनेकांनी तो जपला, त्यामुळे तो शोधायला फार वणवण करावी लागत नाही. शोधावं लागतं ते त्यातली बेसबॉल कार्डांची घडीची पानं जागेवर असलेली प्रत. तरुण चाहत्यांच्या हाती अंक पडल्यावर कार्डं सहीसलामत राहतील ही अपेक्षाच भोळी.

म्हणून नव्या संग्राहकाला माझा सल्ला असतो की ‘संग्राह्य विशेषांक’ असं ज्याच्या मुखपृष्ठावरच छापलंय, त्यामागे धावू नका. तो सगळ्यांनीच संग्राह्य मानून ठेवलेला असतो. त्याच्या आधीचा साधा, कंटाळवाणा अंक, ज्यात पुढे मोठा झालेल्या खेळाडूचं नाव कुठेतरी आतल्या पानावर चार ओळींत आलंय, तो खरा अवघड. असा अंक ओळखायला मात्र खेळाचा इतिहास तोंडपाठ लागतो.

हातात घेतल्यावर काय बघायचं

पुस्तकाची परीक्षा मुख्यतः दोन ठिकाणी होते, वेष्टणावर आणि शीर्षकपानामागच्या पानावर. या पानावर आवृत्तीची माहिती असते. अनेक इंग्रजी प्रकाशकांच्या पुस्तकांत तिथे आकड्यांची एक ओळ दिसते: 10 9 8 7 असं करत 1 पर्यंत. नवी छपाई झाली की शेवटचा आकडा काढून टाकतात, म्हणून ओळीत 1 असेल तर साधारणपणे पहिली छपाई समजावी. प्रत्येक प्रकाशकाची रीत वेगळी, त्यामुळे ‘साधारणपणे’ या शब्दाला इथे वजन आहे. आणखी एक सोपी चाचणी: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीसाठी दिला जाणारा क्रमांक, याचं आंतरराष्ट्रीय मानक 1970 चं आहे. विक्रेता 1955 ची प्रथमावृत्ती म्हणून पुस्तक दाखवत असेल आणि मलपृष्ठावर आयएसबीएन छापलेला असेल, तर पुस्तक हसून परत द्यावं.

वेष्टण हा तर स्वतंत्र विषय आहे. विसाव्या शतकातल्या प्रथमावृत्तीच्या किमतीचा मोठा हिस्सा पुस्तकात नसतो, त्या सुट्या कागदी वेष्टणात असतो, कारण लोक ते काढून फेकून देत. म्हणून तिथेच हातचलाखी चालते. दुसऱ्या प्रतीवरचं वेष्टण या प्रतीवर चढवतात, नाहीतर हुबेहूब रंगीत प्रत छापून घालतात. आतल्या घडीचा कोपरा तिरका कापलेला असेल तर छापील किंमत गेली आणि तिच्यासोबत एक पुरावाही गेला. सभासदांना पुस्तकं पुरवणाऱ्या बुक क्लबच्या स्वस्त आवृत्त्यांच्या वेष्टणावर बहुधा किंमत नसतेच, शिवाय काहींच्या मागच्या पुठ्ठ्यावर खाली एक छोटा दाबलेला ठसा असतो. बोट फिरवलं की लागतो.

अंकाच्या बाबतीत ही आवृत्तीची डोकेदुखी जवळजवळ नाही. तारीख मुखपृष्ठावरच असते आणि दुसरी छपाई क्वचित निघते. इथे प्रश्न एकच: अंक पुरा आहे का?

तो टेबलावर सपाट ठेवा आणि आधी मधलं पान उघडा. पिना तिथेच असतात आणि तिथेच गडबड सापडते. खेळाडूचं दुपानी रंगीत छायाचित्र बहुधा मध्येच असे, आणि भिंतीवर लावायला तेच सर्वांत आधी निघे. चार पानांचा तो कागद अख्खा निघाला तर बाकीचा अंक घट्ट, नीटस दिसतो. पानं मोजल्याशिवाय चोरी कळत नाही. पान क्रमांक बघत जा, मधली उडी शोधा. मग जाहिरातींच्या पानांचे कोपरे बघा. वर्गणीचं किंवा स्पर्धेचं कूपन कापलेलं असेल, तर त्याच्या पाठीमागच्या लेखाचा तेवढा तुकडा गेला. पिनांना गंज आला असेल तर भोवती तपकिरी वर्तुळ उमटतं आणि कागद तिथे फाटायला टेकतो. मुखपृष्ठावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी असेल तर संग्राहकांच्या बाजारात अंकाची पत खाली येते. अमेरिकी साप्ताहिकांत स्टॉलवर विकलेली, चिठ्ठी नसलेली प्रत हवी म्हणून लोक अडून बसतात. चिठ्ठी खरवडून काढायच्या भानगडीत कुणी पडू नये. तिच्याखालचा रंग सोबत निघतो आणि नुकसान दुप्पट होतं.

बांधीव खंडांबद्दल जरा सावध करतो. वर्षभराचे अंक एका पुठ्ठ्यात बांधलेले मिळाले की सौदा भारी वाटतो. पण बांधणाऱ्यांनी बऱ्याचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली, कडा छाटल्या आणि मजकूर तेवढा ठेवला. अभ्यासाला उत्तम, संग्राहकाला अर्धामुर्धा. ‘स्पोर्टिंग मॅगझीन’ हे इंग्लंडमधलं मासिक 1792 साली सुरू झालं आणि 1870 पर्यंत चाललं. त्यात घोड्यांची, शिकारीची सुरेख कोरीव चित्रं असत. ती चौकटीत बसवून सुटी विकण्यासाठी कितीतरी खंड फोडले गेले. अशा जुन्या खंडात चित्रांची यादी असेल तर एकेक ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पडताळणीसाठी पुस्तकवाल्यांकडे संदर्भसूची असतात. क्रिकेटच्या पुस्तकांसाठी पॅडविक यांची सूची 1977 पासून उपलब्ध आहे. तिच्यावर बोट ठेवून आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते सांगता येतं. अंक जमवणाऱ्याला प्रत्येक मासिकासाठी असा आधार मिळतोच असं नाही. किती पानांचा होता, सोबत पुरवणी होती का, विशेषांकाला वेगळा क्रमांक होता का, हे बरेचदा दुसरी प्रत समोर ठेवूनच कळतं. ज्यांना यातच मजा वाटते त्यांनी अंकांकडे वळावं. ज्यांना वैताग येतो त्यांनी पुस्तकांकडे.

कागद कसा वागतो

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि त्यासोबत आम्लही आलं. असा कागद पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. 1980 च्या दशकापासून आम्लविरहित कागदाचा वापर पुस्तकांत वाढला. म्हणजे गंमत अशी, की 1780 चं चिंध्यांच्या कागदावरचं पुस्तक 1930 च्या पुस्तकापेक्षा तरुण दिसू शकतं. हलक्या कागदावरचे क्रीडा अंक या सगळ्यात सर्वांत आधी म्हातारे होतात.

गुळगुळीत कागदाच्या मासिकांची गोष्ट वेगळी. ती पिवळी कमी पडतात, चित्रं झकास राहतात, पण पाण्याशी त्यांचं हाडवैर. कागदावरचा मातीचा लेप भिजला आणि तसाच वाळला, की पानं एकमेकांना अशी चिकटतात की अंकाची वीट होते. ती पुन्हा सुटत नाही. भिजलेलं साधं पुस्तक पंख्याखाली वाळवून फुगलेलं का होईना, वाचता येतं.

ठेवण्याची पद्धतही वेगळी. पुस्तकं उभी, शेजारच्याला टेकून, फार दाटी न करता. काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नये. अंक आडवे, थोडक्यांची थप्पी, प्रत्येकाला पॉलिएस्टरचा पारदर्शक लिफाफा आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा. पीव्हीसीचे स्वस्त लिफाफे टाळा, त्यांतून निघणारे पदार्थ शाई आणि कागद दोन्ही खराब करतात. चिकटपट्टी दोन्हीकडे वर्ज्य. ऊन, दमटपणा आणि कसर हे शत्रू सारखेच, फक्त अंक त्यांच्यापुढे लवकर हार मानतो.

वाचनासाठी कोण भारी

इथे माझा कौल सरळ अंकांच्या बाजूने आहे.

पुस्तक निकाल लागल्यावर लिहिलं जातं. कोण जिंकलं, कोण संपलं, कोण थोर ठरलं हे लेखकाला ठाऊक असतं आणि तो त्या हिशेबाने गोष्ट रचतो. अंक सामन्याच्या आधीच्या आठवड्यात छापलेला असतो. त्यात चुकलेली भाकितं असतात, कुणाच्याच लक्षात न राहिलेल्या ‘उद्याच्या ताऱ्यां’वर चार-चार पानं असतात, संपादकाला आलेली चिडकी पत्रं असतात, आणि बुटांच्या, सिगारेटच्या, केसांच्या क्रीमच्या जाहिराती असतात. ‘चार्ल्स बुकन्स फुटबॉल मंथली’ 1951 साली सुरू झालं, पहिल्या मुखपृष्ठावर इंग्लिश फुटबॉलपटू स्टॅन्ली मॅथ्यूज. त्यातली हाताने रंगवल्यासारखी दिसणारी छायाचित्रं पाहिली की त्या काळी फुटबॉलपटू चाहत्यांना कसा दाखवला जाई ते कळतं. मुष्टियुद्धाचं वेड असणाऱ्यांना नॅट फ्लायशर यांनी 1922 मध्ये काढलेल्या ‘द रिंग’चे जुने अंक हेच सांगतील. यातला बराच मजकूर आता संगणकावर चाळता येतो, हे खरं. नुसती माहिती हवी असेल तर अंक विकत घेण्याची गरजही नाही.

सह्यांबद्दल थोडक्यात. अंकाच्या मुखपृष्ठावर खेळाडूची सही बघायला झकास दिसते, पण बनावट सह्यांचा धंदाही तिथेच जोरात. शिवाय अनेक मासिकांनी छायाचित्रावर सही छापूनच दिलेली असे. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली छापील सही ठिपक्यांची निघते, खरी शाई सलग दिसते. पुस्तकात सही शीर्षकपानावर, तारीख आणि कुणाला दिलं त्याच्या नावासह असेल, तर निदान शोध घ्यायला धागा मिळतो.

पैसा, जागा आणि बाहेर पडणं

सुरुवातीला अंक स्वस्त पडतात, विशेषतः गठ्ठ्याने. पण संच पुरा करायची खाज लागली की शेवटचे थोडे अंक आधीच्या सगळ्यांपेक्षा महाग पडतात, आणि विक्रेत्याला तुमची निकड चेहऱ्यावर दिसते. पुस्तकांत ही सक्ती नाही. एकेक पुस्तक स्वतःपुरतं पूर्ण असतं. थांबावंसं वाटलं तर पुस्तकं सुटी विकता येतात. अंकांचा मोठा संच विकताना घेणारा सगळा घ्यायला कुरकुरतो, आणि निवडक घेऊन गेला तर उरलेल्याला कोणी विचारत नाही. काही लोक निवडक अंक सीजीसीसारख्या संस्थेकडून स्थितीनुसार श्रेणी लावून प्लास्टिकच्या डबीत बंद करून घेतात. विक्रीला सोपं जातं, पण मग तो उघडून वाचता येत नाही. मला तो प्रकार पटत नाही, पण गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याला पटेल.

तेव्हा हात राखून खर्च करणारा, थोड्याच पण पक्क्या वस्तू हव्या असणारा माणूस असेल तर त्याने पुस्तकं घ्यावीत, तीही एखादाच खेळ किंवा एखादाच लेखक धरून. कोरडी खोली, भरपूर सवड आणि जाहिरातीसुद्धा वाचायची हौस असेल तर अंक; मात्र एक मासिक आणि एक दशक एवढीच हद्द आखून.

ठरतच नसेल तर ‘विस्डेन’ बघा. 1864 पासून दरवर्षी निघणारं हे क्रिकेटचं वार्षिक म्हणजे अर्धं पुस्तक, अर्धं नियतकालिक. पहिल्या वर्षी पानं भरायला त्यात कालव्यांच्या लांबीपासून पहिल्या चार्ल्स राजाच्या खटल्यापर्यंत काय वाट्टेल ते घातलं होतं. 1896 पासून पुठ्ठ्याच्या बांधणीतही निघू लागलं, म्हणजे एकाच वर्षाचे दोन अवतार जमवता येतात. कागदी आवरणाच्या प्रती अनेकांनी पुन्हा बांधून घेतल्या. मूळ आवरण आत राखलंय की फेकलंय यावर किंमत बदलते. पहिल्या 15 वर्षांच्या प्रतिकृतीही छापल्या गेल्या आहेत, तेव्हा तिथे पुस्तकासारखी पारख लागते. आणि 1916 चा अंक हवा असेल तर तयारी ठेवा: युद्धामुळे तो कमी छापला गेला, त्यात डब्ल्यू. जी. ग्रेस आणि व्हिक्टर ट्रम्पर या दोन थोर क्रिकेटपटूंचे मृत्युलेख आहेत, आणि युद्धात गेलेल्यांच्या यादीत रूपर्ट ब्रुक हा कवीही शाळेच्या संघातल्या त्याच्या गोलंदाजीच्या सरासरीसकट नोंदलेला आहे. मागणी कायम असते, आणि विकणाऱ्यांना ती ठाऊकही असते.