दोन प्रोबचा व्होल्टेज टेस्टर: शिकाऊ मुलांच्या हाती दिल्यानंतरचा अनुभव

सोलापुरात चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांची वायरिंगची कामे आम्ही घेतो. आयटीआय झालेली मुले आमच्याकडे उमेदवारीला असतात. दिवाळीनंतर त्यांचे निऑन टेस्टर (छोट्या दिव्याचे, स्क्रूड्रायव्हरसारखे) बाजूला ठेवायला लावून मी प्रत्येक जोडीला दोन प्रोबचा (वायरला टेकवायच्या दोन टोकांचा), व्होल्टेजचा आकडा दाखवणारा टेस्टर दिला. आता उन्हाळाही सरला आहे आणि शिकणाऱ्यासाठी यापेक्षा उपयोगी हत्यार मला दिसत नाही.

निऑन टेस्टरचा दिवा आपल्याच शरीरातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले की तो मंदावतो, भर दुपारच्या उजेडात दिसतही नाही, आणि दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही असे मुले धरून चालतात. इथल्या उन्हाळ्यात घामेजलेल्या हातांना हा अंदाज जिवावर बेतू शकतो.

अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात लूमवरचे दिवे बंद पडले होते. निऑन टेस्टर फेजवरही (वीज आणणारी वायर) पेटत होता आणि न्यूट्रलवरही (परतीची वायर), त्यामुळे मुलगा गोंधळून गेला. नव्या टेस्टरने फेज-न्यूट्रलमध्ये जवळपास शून्य, फेज-अर्थमध्ये (अर्थ म्हणजे जमिनीला जोडलेली वायर) २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्येही मोठा आकडा दाखवला. डीबीपाशी (वीज वाटून देणारी पेटी) न्यूट्रल सुटला होता आणि दिव्यांमधून फिरून आलेला फेज त्या वायरवर बसला होता. न्यूट्रलला हात लावला तरी चालतो, हा समज मुलांच्या मनातून तिथेच गेला.

टेस्टरबरोबर मी क्रमही ठरवून दिला आहे. एमसीबी (त्या लाइनचा आपोआप तुटणारा स्विच) पाडून कुलूप लावायचे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासायचा, मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि थ्री फेज असेल तर प्रत्येक दोन फेजमध्ये लावायचा, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर. ही शेवटची पायरी मुले हमखास टाळतात, पण मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर ते तिथेच कळते.

उणिवाही आहेत. टेस्टरमधून मुद्दाम थोडा प्रवाह वाहू देणारे लोडचे बटण दाबून फेज-अर्थ तपासल्यास ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (अर्थकडे प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच) पडू शकते, म्हणून चालू कारखान्यात मालकाला आधी सांगावे लागते. प्रोबची वायर मुठीजवळ वारंवार मुडपते. तिथे इन्सुलेशनला चीर दिसली की टेस्टर वापरातून काढावा. घेताना त्यावर किमान कॅट थ्री (डीबीसारख्या पक्क्या वायरिंगवर वापरण्याजोगा सुरक्षा-वर्ग), ६०० व्होल्ट हे मानांकन छापलेले पाहावे, कारण थ्री फेज डीबीत दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात.