एकच वनप्लस 6, दोन वाटा: रोजच्या वापरासाठी लिनक्स की लिनिएजओएस?

जुना फोन हाताशी आहे, बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा, कंपनीने कुलूपबंद ठेवलेला प्रोग्राम) उघडण्याची तयारी आहे आणि गूगलवरचे अवलंबित्व कमी करायचे आहे, अशा वाचकापुढे सध्या दोन वाटा आहेत. पहिली खऱ्याखुऱ्या लिनक्सची, म्हणजे पोस्टमार्केटओएस किंवा उबंटू टचची. दुसरी गूगलच्या सेवा वगळलेल्या अँड्रॉइडची, म्हणजे लिनिएजओएसची. या दोन्ही वाटा मी एकाच उपकरणावर चालून पाहिल्या आहेत, त्यामुळे तुलना त्या उपकरणापुरतीच ठेवतो. ते उपकरण म्हणजे वनप्लस 6. 2018 सालचा हा फोन आपल्याकडे जुन्या बाजारात मिळू शकतो, त्याच्या स्नॅपड्रॅगन 845 या प्रोसेसरला मेनलाइन कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ गाभ्यात, चांगला आधार आहे आणि वरील तिन्ही प्रणाली त्यावर चढतात. पाइनफोन आणि लिब्रेम 5 हे फोन मुळातूनच लिनक्ससाठी घडवलेले असले, तरी त्यांचे प्रोसेसर आजच्या वेब पानांपुढे अपुरे पडतात आणि ते परदेशातून मागवावे लागतात, म्हणून त्यांचा विचार येथे करत नाही.

पोस्टमार्केटओएसची बाजू आधी मांडणे मला रास्त वाटते, कारण तिचा मुद्दा अधिक मूलगामी आहे. या फोनची अधिकृत अद्यतने अँड्रॉइड 11 पाशी थांबली. लिनिएजओएस त्यावर अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्या आणते खरी, पण खालचा कर्नल 4.9 या मालिकेतलाच राहतो, आणि त्या मालिकेची देखभाल कर्नलच्या विकसकांनी जानेवारी 2023 मध्ये बंद केली. पोस्टमार्केटओएस याच फोनवर मेनलाइन कर्नलच्या चालू मालिका चालवते. फोन बनवणाऱ्या कंपनीने हात काढून घेतल्यावरही यंत्र जिवंत राहावे, ही तिची भूमिका आहे, आणि टर्मिनलमध्ये ‘एपीके अपग्रेड’ची आज्ञा देऊन फोन ताजा होताना पाहिला की ती भूमिका मनापासून पटते. संगणकावरून एसएसएचने फोनमध्ये शिरावे, नोंदींचा फोल्डर आरसिंकने जुळवून घ्यावा, फायरफॉक्स जसा घरी वापरतो तसाच वापरावा, हे सारे तेथे कोणत्याही कसरतीविना होते. ज्याला आपले यंत्र आपल्याच ताब्यात हवे आहे, त्याला असे समाधान अँड्रॉइडच्या कोणत्याही अवतारात मिळणार नाही, असे मला वाटते.

उणिवाही सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्या थोडक्यात सांगतो. झोपी गेलेल्या फोनची बॅटरी लिनिएजओएसवर जशी टिकते तशी पोस्टमार्केटओएसवर टिकत नाही. मला तरी दुपारनंतर चार्जर जवळ ठेवावा लागत असे. मागचा कॅमेरा माझ्या कामाचा ठरला नाही. फोन लागतो, आवाजही येतो, पण व्हीओएलटीईची, म्हणजे 4जी जाळ्यावरून बोलण्याची, सोय हाताशी तयार मिळत नाही, आणि आपल्याकडे हा मुद्दा लहान नाही. जिओचे जाळे केवळ 4जी आणि 5जीचे असल्याने व्हीओएलटीई नसलेल्या फोनवरून त्या सिमने साधे बोलणेही होत नाही. एअरटेलचे सिम असेल तर बोलणे 2जीवर उतरते, कारण त्यांनी 3जी 2020 मध्येच गुंडाळले, आणि तेवढा वेळ इंटरनेट थांबते. मला याची सवय झाली. घरच्यांना झाली नसती.

उबंटू टच ही मधली वाट आहे. कॅनॉनिकलने 2017 मध्ये हा प्रकल्प सोडल्यावर यूबीपोर्ट्स या समुदायाने तो सांभाळला आणि तो आजही नीट चालू आहे. या फोनवर तो हॅलियमच्या आधारे, म्हणजे अँड्रॉइडचाच कर्नल आणि त्याचेच ड्रायव्हर खाली ठेवून चालतो, त्यामुळे कॅमेरा आणि बॅटरी दोन्ही बरी वागतात. पण नव्या कर्नलचा लाभ, ज्यासाठी आपण या वाटेला लागलो, तोच हातून जातो. दिसायला आणि बोटांना मला तो तिघांत सर्वांत सुबक वाटला, हेही नमूद करायला हवे.

आता ज्या एका अडचणीने माझ्यापुरता निकाल लावला, तिच्याकडे येतो. ती आहे यूपीआयची, पण सर्वसाधारणपणे जे कारण सांगितले जाते ते मुख्य कारण नाही. ‘लिनक्सवर यूपीआयची अ‍ॅप नाहीत’ या तक्रारीवर वेड्रॉइड हे उत्तर लगेच पुढे केले जाते. वेड्रॉइड लिनक्सच्या आत एका बंदिस्त कप्प्यात अख्खा अँड्रॉइड चालवते, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या कप्प्यातला अँड्रॉइड म्हणजे लिनिएजओएसच असतो. वर्तमानपत्राचे अ‍ॅप, रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे हे सारे तेथे समाधानकारक चालते. संदेशवहनाच्या अ‍ॅपची नोंदणीही होते, कारण त्यांना केवळ ओटीपी हवा असतो. तो लिनक्सच्या बाजूला एसएमएसमध्ये येतो आणि आपण तो अ‍ॅपमध्ये टंकतो.

यूपीआयची नोंदणी मात्र उलट्या दिशेने होते. तेथे अ‍ॅप स्वतः आपल्या सिमवरून बँकेच्या व्यवस्थेकडे एक एसएमएस पाठवते, आणि तो ज्या क्रमांकावरून आला त्यावरून हा क्रमांक याच उपकरणात आहे अशी खात्री करून घेतली जाते. तो संदेश आपण हाताने पाठवून चालत नाही. वेड्रॉइडच्या कप्प्यापर्यंत फोनचा मॉडेम पोहोचतच नाही. त्यामुळे अ‍ॅप उघडते, भाषा विचारते, अटी मान्य करून घेते, सिम निवडण्याच्या पडद्यापर्यंत येते आणि सिम आढळले नाही असे सांगून थांबते. सिम त्याच फोनमध्ये असते, लिनक्सच्या बाजूने त्यावर त्याच क्षणी संदेशही येत असतात, पण अ‍ॅपच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. याला बँकेचा आडमुठेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही. दुसऱ्याच्या क्रमांकावर कोणी परस्पर खाते जोडू नये म्हणून ही अट आहे आणि ती असायलाच हवी.

*99# ही आज्ञा वापरून पैसे पाठवण्याची सोय आहे, पण त्यात क्यूआर कोड स्कॅन होत नाही. भाजीच्या गाडीपाशी मागे रांग उभी असताना मोबाइल क्रमांक विचारून, आकडी मेनूतून एकेक पायरी चढत जाणे रोज शक्य होत नाही.

लिनिएजओएस कप्प्याबाहेर, थेट फोनवर बसवले की तेच सिम त्याच अ‍ॅपला दिसते आणि नोंदणी पूर्ण होते. येथेही सारे सुरळीत आहे असे मी म्हणणार नाही. बूटलोडर उघडा असल्याने फोनशी छेडछाड झालेली नाही ना हे तपासणाऱ्या गूगलच्या प्ले इंटिग्रिटीच्या कडक कसोट्या हा फोन उत्तीर्ण होत नाही. एका बँकेच्या अ‍ॅपने मला त्या कारणाने प्रवेश नाकारला, तर दुसरे यूपीआय अ‍ॅप मायक्रोजीच्या, म्हणजे गूगलच्या सेवांना असलेल्या मुक्त पर्यायाच्या, जोडीने बिनतक्रार चालले. आज चालणारे अ‍ॅप पुढच्या अद्यतनानंतरही चालेल याची हमी नाही. तरीही ‘काही अ‍ॅप चालतील, काही चालणार नाहीत’ आणि ‘एकही चालणार नाही’ यांत मोठे अंतर आहे.

हे अंतर पुढे वाढण्याचीच शक्यता मला दिसते. नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल, टेलिग्राम यांसारख्या सेवांनाही खाते सक्रिय सिमशी सतत जोडलेले ठेवण्याचे निर्देश दिले. ते पूर्णपणे अमलात आल्यास आज वेड्रॉइडमध्ये चालणारी संदेशवहनाची अ‍ॅपही त्याच पडद्यापाशी अडू शकतील.

म्हणून ज्यांच्याकडे एकच फोन आहे आणि बँकेला जोडलेले सिम त्यातच आहे, त्यांनी तूर्त लिनिएजओएस घ्यावे, असे मी सुचवेन. मात्र बूटलोडर उघडण्यापूर्वी आपल्या बँकेचे अ‍ॅप अशा फोनवर चालते का, हे त्याच बँकेच्या एखाद्या ग्राहकाला विचारून घ्यावे, कारण बूटलोडर उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ज्यांचे यूपीआय दुसऱ्या एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर आधीच सुखाने चालू आहे, त्यांना माझा सल्ला वेगळा आहे. त्यांनी वनप्लस 6 वर पोस्टमार्केटओएसच चढवावे, सतत बदलणाऱ्या ‘एज’ऐवजी स्थिर आवृत्ती निवडावी, पडद्यासाठी फॉश ही बोटांनी हाताळण्याजोगी मांडणी घ्यावी, आणि बोलण्यासाठी सिम घालायचेच असेल तर ते जिओचे नसावे.