समुद्रातलं तेल केंद्राचं की राज्याचं: ऑनलाइन कोर्स घेतला, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी साडेतीन)

ऑफशोअर (समुद्रातल्या) ऑइल अँड गॅस कायद्याचा एक रेकॉर्डेड कोर्स घेतला होता, संस्थेचं नाव घेत नाही कारण खाली थोडं झोडपलंय. आता मी उरणचा, बॉम्बे हाय या मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तेल आणि गॅस समुद्राखालच्या पाइपलाइनने आमच्याकडेच किनाऱ्याला लागतो, पीरवाडीला फिरायला गेलं की ओएनजीसीचा प्लांट समोरच, त्यामुळे याची रॉयल्टी (तेल काढण्याच्या बदल्यात कंपनी सरकारला देते तो पैसा) महाराष्ट्राला किती मिळते हा वाद आमच्या चहाच्या टपरीवर बारमाही चालू असतो आणि दर वेळी कुणीतरी छातीठोकपणे एक आकडा फेकून मोकळा होतो. उत्तर शून्य आहे. आसाम-गुजरातला जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी मिळते पण समुद्रातल्या तेलाची सगळी दिल्लीला, कारण घटनेचं कलम २९७, समुद्राखालची खनिजं केंद्राच्या मालकीची. हे कलम कोर्समध्ये खरंच नीट शिकवलंय. आधी फक्त किनाऱ्यालगतच्या समुद्रापुरतं होतं, १९६३ च्या १५ व्या घटनादुरुस्तीने त्यात खंडान्त मंच म्हणजे आपला काँटिनेंटल शेल्फ (किनाऱ्यापासून पुढे समुद्राखाली पसरलेली जमीन) घातला, १९७६ च्या ४० व्या दुरुस्तीने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं समुद्री आर्थिक क्षेत्र. सागर सम्राट रिगला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं १९७४ ला, म्हणजे शेल्फचा कागद ११ वर्षं आधीच पक्का करून ठेवला होता बघा. आणि बॉम्बे हाय मुंबईपासून १६० किलोमीटर आत आहे हा मुद्दाच नाही, उद्या अलिबागच्या किनाऱ्यावरून दिसेल इतक्या जवळ समुद्रात तेल लागलं तरी ते केंद्राचंच.

आता कोर्समधला सगळ्यात भारी भाग, कॅनडा. यासाठी पैसे वसूल. न्यूफाउंडलंड हा प्रांत कॅनडात आला १९४९ ला, १९७९ ला त्यांच्या समुद्रात हायबर्निया हे तेलक्षेत्र सापडलं, किनाऱ्यापासून ३०० किलोमीटरच्या वर. प्रांताचं म्हणणं असं की आम्ही आधी स्वतंत्र डोमिनियन (ब्रिटिश साम्राज्यातला स्वशासित देश) होतो, समुद्राचा हक्क आमचा आम्ही सोबत घेऊन आलोय. १९८४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही, १९४९ पर्यंत आंतरराष्ट्रीय कायद्यात शेल्फवरचा असा हक्क तयारच झाला नव्हता, आणि तुम्ही तर १९३४ लाच स्वराज्य सोडून दिलेलं, त्यामुळे हक्क केंद्राचा. विषय संपला ना? नाही संपला. फेब्रुवारी १९८५ ला पंतप्रधान मल्रोनी आणि प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) पेकफर्ड यांनी अटलांटिक करार केला आणि त्यात ठरलं की प्रांताने रॉयल्टी आणि कर असे घ्यायचे की जणू तेल जमिनीवरच निघतंय, शिवाय कारभार बघायला दोघांचं मिळून एक बोर्ड. कोर्टात सपशेल हरले आणि वर्षभराच्या आत टेबलावर जिंकले! सरांनी निकालातला परिच्छेद आणि कराराचं कलम स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचून दाखवलंय, असं शिकवणं आमच्या लॉ कॉलेजात एकदा तरी झालं असतं तर.

अमेरिकेचा भागही बरा आहे. १९४७ ला कॅलिफोर्नियाविरुद्ध निकाल की समुद्राखालचं सगळं केंद्राचं, मग राज्यांनी आरडाओरडा केला, १९५३ ला तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ३ मैलांपर्यंतचं राज्यांना परत दिलं. टेक्सासला मात्र जवळपास ९ सागरी मैल, कारण ते एकेकाळी वेगळा देश होते आणि तेव्हाची हद्द तेवढी होती (म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवा रे बाबांनो, कधी कामाला येतील सांगता येत नाही). पण २००६ चा कायदा, ज्याने टेक्सास, लुइझियाना वगैरे मेक्सिकोच्या आखातालगतच्या ४ राज्यांना काही केंद्रीय लीजच्या (केंद्राने तेल काढायला भाड्याने दिलेल्या समुद्रातल्या पट्ट्यांच्या) उत्पन्नातला ३७.५ टक्के वाटा दिला आणि त्यातला काही भाग थेट किनाऱ्यावरच्या स्थानिक प्रशासनाला, तो एका स्लाइडमध्ये गुंडाळलाय. अहो तोच तर आमच्यासारख्यांच्या कामाचा होता! ऑस्ट्रेलिया तर नुसता धावता, १९७५ चा निकाल केंद्राच्या बाजूने, १९७९ चा समझोता, पुढे चला.

माझी खरी तक्रार भारताच्या मॉड्यूलबद्दल आहे. केजी-डी६ या बंगालच्या उपसागरातल्या क्षेत्राच्या गॅसवरून अंबानी भावांचं भांडण यावर सगळा वेळ घालवलाय, कोण काय बोललं, कुणाची आई मध्ये पडली, आणि २०१० च्या निकालातला मुद्दा की गॅस ग्राहकापर्यंत पोचेस्तोवर सरकारचाच असतो, तो शेवटी घाईघाईत. त्याहून महत्त्वाचा २००४ चा, गुजरातने स्वतःचा गॅस कायदा केला आणि सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायाधीशांनी सांगितलं की नैसर्गिक वायू हा घटनेच्या संघसूचीतल्या (केंद्राच्या विषयांच्या यादीतल्या) ५३ व्या नोंदीतला विषय, राज्याला त्यावर कायदा करताच येणार नाही, तो तर नावापुरताच आलाय. क्रूड आणि नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहेत, म्हणजे राज्याच्या कराचा प्रश्न रॉयल्टीपेक्षा वेगळा आहे, यावर चकार शब्द नाही.

आणि चारही देश शिकवून झाल्यावर जे डोळ्यांसमोर दिसतंय ते एकदाही बोलत नाहीत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, तिन्हीकडे कोर्टाने केंद्राला हक्क दिला आणि तिन्हीकडे राज्यांनी नंतर राजकारणातून वाटा काढून घेतला, कारण त्यांच्या घटनेत समुद्राबद्दल स्पष्ट काही नव्हतं, भांडायला जागा होती. आपल्याकडे कलमच इतकं चोख की कोर्टात जायला तोंड नाही आणि भांडण नाही म्हटल्यावर तडजोड तरी कशाची करणार. मी हे डाऊट सेशनला विचारलं, तर मॉडरेटरने "आउट ऑफ सिलॅबस" म्हणून प्रश्न खाली सरकवला आणि पुढचा प्रश्न घेतला तो सर्टिफिकेटवर नाव मराठीत येईल का असा.

बाकी ऑडिओ काही ठिकाणी फाटतो, पीडीएफ सर्च होत नाही कारण स्कॅन केलेले फोटो आहेत, अ‍ॅप मध्येच लॉगआऊट करतं. स्पर्धा परीक्षावाल्यांनी घ्यायची गरज नाही, कलम २९७ आणि घटनेतल्या तीन सूच्या (केंद्र, राज्य आणि दोघांच्या सामाईक विषयांच्या याद्या) घरी वाचल्या तरी भागेल. वकिली करणाऱ्यांनी किंवा तेल कंपनीत लीगलला असणाऱ्यांनी घ्या, पण फुल पॅक नको, कॅनडा आणि अमेरिका सुटे मिळतात ते घ्या, अर्ध्याहून कमी पैशात होतं. आणि व्हॅलिडिटी विकत घेतल्या दिवसापासून सुरू होते, पहिलं लेक्चर बघितल्यापासून नाही, हे कस्टमर केअरवाले विचारल्याशिवाय सांगत नाहीत.