नीट राखलेल्या मस्टँगला कार्बोरेटर की इंजेक्शन?

इंजिन उतरवून ज्याने गाडीचा सांगाडा गॅरेजमध्ये उभा केला आहे, त्याने हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्याने खुशाल हवं ते बसवावं. प्रश्न पडतो तो ज्याच्या हाती सुस्थितीतली, मूळ रंगातली, मूळ वायरिंगची गाडी आली आहे त्याला. अशा गाडीला पाना लावायचा म्हटलं तरी आधी दोनदा चहा होतो.

माझ्याकडे १९६६ची फोर्ड मस्टँग कूपे आहे. २८९ घन इंचांचं इंजिन, त्यावर दोन बॅरलचा ऑटोलाइट २१००, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा मूळ कार्बोरेटर. चेसिस नंबरात सहाच्या पुढे टी आहे, म्हणजे मेटचनच्या कारखान्यातली. कारखान्याचं नाव मेटचन, जागा मात्र न्यू जर्सीतल्या एडिसनची, रूट वनवरची. २००४ मध्ये तो बंद झाला. तिथल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर कढीपत्ता आणायला जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. माझ्या एका मित्राकडे त्याच वर्षाची, त्याच इंजिनाची गाडी आहे, पण त्याने कार्बोरेटर काढून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बसवलं. उन्हाळ्यात आम्ही अधूनमधून गाड्या बदलून चालवतो. खाली लिहितोय त्यामागे कुठलंही मोजमाप नाही, दोन्ही गाड्या चालवून झालेलं मत आहे.

आधी इंजेक्शनबद्दल, कारण ती बाजू खरंच भक्कम आहे. मित्राची गाडी महिनाभर उभी असली तरी चावी फिरवली की लगेच सुरू होते. थंडीत चोकचे लाड करावे लागत नाहीत. सिग्नल सुटल्यावर पाय दाबला तर अडखळत नाही. डोंगरावर गेलात तर हवा विरळ झाल्याचं ती आपलं आपण समजून घेते. आमच्या न्यू जर्सीत त्याचं फारसं अप्रूप नाही, पण डेन्व्हरसारख्या ५,२८० फुटांवरच्या गावी राहणाऱ्याला कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) बदलण्याचा उद्योग चुकतो.

माझ्या गाडीचं तसं नाही. बरेच दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या बोलमधलं, म्हणजे आतल्या वाटीतलं, पेट्रोल उडून जातं. मेकॅनिकल पंप इंजिन फिरेल तेव्हाच पेट्रोल ओढणार, त्यामुळे स्टार्टर घरघरत राहतो आणि बॅटरीचा जीव जातो. यावर माझा रिवाज ठरलेला आहे. एअर क्लीनर काढायचा, थ्रॉटलची दांडी हाताने ओढायची आणि आत बघायचं. पेट्रोलच्या दोन बारीक, सरळ धारा उडाल्या की सगळं ठीक. नाही उडाल्या तर बोल कोरडा आहे किंवा अॅक्सिलरेटर पंपाचं डायफ्राम (रबरी पडदा) कडक झालंय. बोल कोरडा असेल तर व्हेंटच्या, म्हणजे हवेच्या, नळीतून बारीक तोंडाच्या बाटलीने थोडं पेट्रोल सोडायचं. मात्र एअर क्लीनर परत बसवल्याशिवाय चावीला हात लावू नका. बॅकफायर झाला तर भुवया जातात.

डायफ्राम कडक होतं त्याला मुख्यतः इथेनॉल कारण. जुन्या रबराला ते मानवत नाही. भारतात ई-२०वरून जुन्या गाड्यांचे मालक आज जे बोलतायत, ते ई-१०बद्दल इथे केव्हाच बोलून झालंय. उपाय साधा आहे: इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं कार्बोरेटर दुरुस्तीचं नवं किट घ्या. डबी सुंदर आहे म्हणून साठसालचं न वापरलेलं किट घेऊ नका, ते कपाटात शोभेल.

गरम इंजिनाची तक्रार वेगळी. उन्हाळ्यात दुकानात दहा मिनिटं जाऊन आलं की गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, कारण बोलमधलं पेट्रोल तापून उकळून खाली सांडलेलं असतं. २८९च्या कार्बोरेटरखाली अॅल्युमिनियमचा एक स्पेसर (मधला ठोकळा) असतो आणि हीटरचं गरम पाणी त्यातून जातं. १९६६ च्या पेट्रोलला आणि हिवाळ्याला ती सोय चांगलीच होती. आजचं पेट्रोल लवकर उकळतं, त्याला खालून शेक देण्यात अर्थ नाही. मी त्या जागी फिनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा) स्पेसर घातला, हीटरचं पाणी त्याला वळसा घालून नेलं आणि मूळ स्पेसर चिठ्ठी लावून डब्यात ठेवला. कुरकुर पूर्ण गेली म्हणणार नाही, पण आता ती सोसण्याइतकी आहे.

राहिला वास. आमचं गॅरेज घराला लागून आहे, दार स्वयंपाकघरात उघडतं, आणि पेट्रोलचा वास आला की बायको इंजेक्शनच्या बाजूने मत देते. तिचं म्हणणं चूक नाही, पण या गाड्यांमध्ये निम्मा वास तरी मागून येतो. टाकीचं तोंड मागच्या दिव्यांच्या मधोमध, तिथून येणारा पाइप डिकीत टाकीला जोडलेला असतो तो एका रबरी होजने. तो होज चिरला की वास डिकीतून आत. झाकणाचं गॅस्केटही बघा. शिवाय आमच्या राज्यात १९४९ पासून स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. पंपावरचा भला माणूस रक्कम पूर्ण आकड्यात आणायला शेवटचे दोन घोट भरतो आणि ते मागच्या रंगावरून ओघळतात. मी आता उतरून मायक्रोफायबरचं फडकं घेऊन शेजारी उभाच राहतो. होज आणि गॅस्केट बदलायचा खर्च किरकोळ आहे. तेवढं करून पाहा, मग कार्बोरेटरला दोष द्या.

इंजेक्शनचं किट एक-दीड हजार डॉलरचं, पण खर्च तिथे थांबत नाही. कार्बोरेटरला पाच-सहा पीएसआय दाब पुरतो, याला अठ्ठावन्नच्या आसपास लागतो. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप, त्यासाठी बहुधा नवी टाकी, जास्त दाबाचे होज. ऑक्सिजन सेन्सरसाठी एक्झॉस्टला भोक पाडून बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करायचा. मूळ अल्टरनेटर चाळीसेक अँपिअरचा, रात्री दिवे आणि हीटर लावून सिग्नलला उभं राहिलं की त्याला हे ओझं जड जातं, मग तोही बदला. प्लगच्या वायरी इंजेक्शनच्या कंट्रोलरजवळून गेल्या तर त्याचा गोंधळ उडतो, मग वायरिंगची वाट बदला. यातलं काहीच अवघड नाही. फक्त नीट राखलेल्या गाडीत एकेक मूळ वस्तू बाहेर पडत जाते. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाच्या प्रदर्शनांत ज्या वर्गात मूळपण किती टिकलंय हे पाहतात, तिथे अशी गाडी नेण्यात मग मतलब उरत नाही. हे सगळ्यांना महत्त्वाचं वाटेलच असं नाही. मलाही तेवढ्यावरून ठरवता आलं नसतं.

माझं ठरलं ते पंपाच्या आवाजावर. या मस्टँगमध्ये टाकी डिकीच्या तळाखाली लपलेली नसते; टाकीचा माथा हाच डिकीचा तळ. मागच्या सीटच्या पाठीमागे नावाला पुठ्ठ्यासारखा आडोसा. त्यामुळे टाकीतला पंप चालू झाला की शेजारच्या घरात कुणी दिवसभर मिक्सर लावून ठेवल्यासारखी बारीक घुंई तुमच्या मानेमागे चालू राहते. हायवेवर ती बुडते. गावातून तीसच्या वेगाने जाताना, सिग्नलला उभं असताना, गाडी बंद करायच्या आधी, ती असतेच. मित्राने डिकीत जाड मॅट घातली, रबरी बुशिंग घातलं. फरक पडला, आवाज गेला नाही. तो म्हणतो, त्याला ऐकूच येत नाही. असेल. मला मात्र एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकू येईना, आणि २८९चं मंद फिरणं ऐकायलाच तर मी ती गाडी बाहेर काढतो.

रोज ऑफिसला नेणार असाल, घरात चालवणारे तिघं असतील आणि प्रत्येकाला चोक समजावून सांगायचा नसेल, किंवा डोंगरात राहत असाल, तर इंजेक्शनच बरं, मी हट्ट धरणार नाही. रविवारी सकाळी काढायची गाडी असेल आणि ती आजवर कुणी फारशी उचकटलेली नसेल, तर आधी एकदा किट घालून कार्बोरेटर नीट बांधून घ्या आणि एक उन्हाळा चालवून बघा.

तरीही इंजेक्शनच घालायचं ठरलं तर मूळ एक्झॉस्टला भोक पाडू नका. पुढचा पाइप नवा घ्या, बंग त्यावर वेल्ड करा आणि जुना पाइप टांगून ठेवा. जुनी टाकी धुऊन, वाळवून, आतून तेलाचा हात फिरवून ठेवा. कार्बोरेटर काढाल तेव्हा वरच्या स्क्रूखाली अडकवलेली धातूची छोटी चकती तपासा. तिच्यावर सी६ने सुरू होणारा नंबर असतो. बरेच जण ती फेकून देतात आणि गाडी विकायला काढली की घेणारा नेमकी तीच मागतो.