गोगलगाय, चेटो, स्क्रबर की गंजाचे दाणे? खाऱ्या टाकीतल्या शेवाळाचा हिशेब

आमच्या हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी तीन फुटी आहे, पाणी साधारण 200 लिटर. दुसऱ्या वर्षी तिच्यात केसाळ हिरवं शेवाळ इतकं माजलं की क्लाउनफिश त्यातून वाट काढत फिरायचे. घरी येणारा पाहुणा मात्र हमखास म्हणायचा, "वा, आत गवत काय छान वाढवलंय!" पुढच्या दीड वर्षात खालचे बहुतेक उपाय मी करून पाहिले, काही तर दोनदा. आता कोणी विचारलं की यातलं काय घेऊ, तर मी आधी एकच उलटप्रश्न करतो: त्या उपायाने टाकीतून उचलून बादलीत काय पडणार आहे?

कारण शेवाळ जगतं नायट्रेट आणि फॉस्फेटवर, आणि ही दोन्ही रोज आपल्याच हाताने, माशांच्या खाण्यातून टाकीत जातात. आत गेलेलं बाहेर पडलं नाही, तर ते हिरव्या, तपकिरी नाहीतर जांभळ्या रंगात परत भेटतंच.

आधी हे आहे तरी काय?

टाकी दोन-तीन महिन्यांची असेल आणि वाळूवर पिठासारखा तपकिरी थर असेल, तर ते डायटम. सिलिकेट संपलं की आपोआप ओसरतात. काही विकत घेऊ नका. वाळूवर लाल-जांभळी साय धरली असेल आणि ती चिमटीत चादरीसारखी उचलली जात असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे मुळात शेवाळच नव्हे. गोल हिरवे मणी म्हणजे व्हॅलोनिया. ते दगडासकट बाहेर काढून सोलायचे. पिसासारखी मधली शीर आणि दोन्ही बाजूंना फाटे असतील तर ब्रायोप्सिस. त्याला गोगलगायी सहसा तोंड लावत नाहीत.

सगळ्यात फसवे डायनोफ्लॅजेलेट. शेंबडासारखे तपकिरी धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी परत भरभरून. खात्री करायची तर थोडा शेंबूड टाकीच्याच पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पाण्यात पुन्हा तार धरली, गोळे जमले, तर बहुधा डायनोच. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्यावर पुढचं सगळं ठरतं, कारण डायनोचा उपाय बाकीच्यांच्या बरोबर उलटा आहे. तो शेवटी सांगतो.

पाणी

मी गोगलगायींवर पैसे घातले, दिव्याचे तास कमी केले, खाणं निम्म्यावर आणलं. शेवाळ कमी व्हायचं आणि परत यायचं. मग एकदा सहज टीडीएस मीटर (पाण्यात किती विरघळलंय ते मोजणारा) स्वयंपाकघरातल्या आरओच्या ग्लासात बुडवला. आकडा आला 62 पीपीएम, म्हणजे लिटरला 62 मिलिग्रॅम. आमच्याकडे टँकरचं पाणी. आरओ आहे म्हणजे पाणी शुद्ध, हे मी धरूनच चाललो होतो. मशीनचं झाकण काढल्यावर आत एक छोटा पितळी स्क्रू दिसला, टीडीएस कंट्रोलरचा. पाण्याला चव यावी म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. माणसांसाठी ठीक. टाकीसाठी मात्र रोज बाष्पीभवनाची तूट भरून काढताना आपण तेच आत ओततो. दिवसाला तीन लिटर म्हटलं तरी वर्षाला हजारावर लिटर, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम विरघळलेला ऐवज. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असेलही, पण सिलिका आणि नायट्रेट आरओच्या पडद्यातून थोडे निसटतातच, मग परत मिसळलेल्या पाण्याची काय कथा.

तेव्हा कोणताही उपाय निवडण्याआधी आरओनंतर डीआय रेझिनचं काडतूस (उरलेले क्षार शोषणारं) जोडा आणि मीटरवर शून्य बघा. या आढाव्यात हा एकच खर्च मी कोणालाही टाळू देणार नाही.

पाणी बदलण्याबद्दल मात्र आपल्याकडे जरा जास्तच श्रद्धा आहे. हिशेब करा: नायट्रेट 40 पीपीएम असताना 20 टक्के पाणी बदललं तर ते 32 होतं. दुसऱ्या खेपेला साधारण 26, तिसऱ्याला 20. निम्म्यावर यायला तीन खेपा, आणि मधल्या दिवसांत माशांनी घातलेली भर वेगळीच. 200 लिटरच्या टाकीला एका खेपेला 40 लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ दीड किलो मरीन सॉल्ट. बादलीची कसोटी इथे शंभर टक्के लागू होते, पण बादली महागाची. पाणी बदलणं चालू ठेवा. माजलेलं शेवाळ त्याने हटेल ही आशा सोडा.

गोगलगायी आणि मंडळी

दुकानदार पहिल्यांदा हेच विकतो आणि नवख्याला तेच आवडतं, कारण त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. ट्रोकस गोगलगाय चांगली: उलटी पडली तर स्वतः सरळ होते. टर्बो खादाड, पण धसमुसळी. चिकटवलेले प्रवाळाचे तुकडे पाडत फिरते. हर्मिट खेकडे काम करतात, पण रिकामे शंख आत टाकले नाहीत तर घरासाठी गोगलगायींचेच खून पाडतात. यलो टँग माशाला तीन फुटी टाकी लहान आहे, कोणी काहीही सांगो. त्या मापाला लॉनमोअर ब्लेनी हा शेवाळ खाणारा मासा शोभतो. मात्र शेवाळ संपलं आणि तो तयार खाणं शिकलेला नसला, तर उपाशी मरतो.

आता बादलीत बघा: काहीच नाही. गोगलगाय शेवाळ खाते आणि विष्ठा टाकीतच टाकते. तिचा उपयोग आहे, पण तो झाडूवालीचा. कचरा गोळा होतो, गाडी मात्र दुसऱ्याच कोणीतरी आणायला हवी. लांब वाढलेलं केसाळ शेवाळ तर तीही खात नाही. ते आधी हाताने, दगड बादलीत घेऊन, जुन्या टूथब्रशने उपटा. मागे उरलेल्या खुंटांवर गोगलगायी सोडा. हाताने उपटणं हा या यादीतला सगळ्यात कमी लेखलेला उपाय आहे.

आणि फुकटात मिळतात म्हणून किनाऱ्यावरून दगड-गोगलगायी उचलून आणू नका. दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्या दगडाबरोबर काय काय घरात येईल ते वेगळंच.

चेटो की स्क्रबर

खरी निवड इथे आहे. दोन्हींचं तत्त्व एकच: शेवाळ वाढणारच असेल तर ते आपण सांगू तिथे वाढू दे, आणि नेमाने कापून बादलीत टाका.

चेटो म्हणजे चेटोमॉर्फा. दिसायला भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखं, हाताला तसंच कडक. खालच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या दुसऱ्या टाकीत) एक कप्पा त्याला द्यायचा, वर झाडांचा दिवा, आणि तो दिवा टाकीचे दिवे बंद असताना लावायचा. यामुळे रात्री पीएच घसरतो तोही थोडा सावरतो. आत कोपेपॉड नावाचे बारीक जीव पैदास करतात, ते वर जाऊन माशांच्या पोटात जातात. महिन्यातून एक-दोनदा अर्धा गोळा काढून टाकायचा, बस. तोटे: सम्प हवा, आणि वाढ संथ. टाकी आधीच हिरवी असेल तर तिथलं शेवाळ चेटोच्या तोंडचा घास पळवतं आणि चेटो पांढरा पडत विरघळतो. माझा पहिला गोळा असाच गेला. हौसेने कोणी चेटोऐवजी कॉलर्पा देऊ करेल, द्राक्षाच्या घोसासारखी सुंदर दिसते. नम्रपणे नाही म्हणा. ती कधीतरी एका रात्रीत प्रजननपेशी सोडून मरते, पाणी हिरवट दुधाळ होतं, आणि महिन्यांची साठवलेली सगळी घाण परत टाकीत.

टर्फ स्क्रबर ही कल्पना स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांची. त्यांचं अमेरिकन पेटंट 1982 चं. एक खरबरीत जाळी उभी टांगायची, तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सतत सोडायचा, दोन्ही बाजूंनी तीव्र दिवा. जाळी भरतकामाची प्लास्टिकची चालते, फक्त करवतीने खरवडून तिला काटे आणायचे. रूढ माप असं: दिवसाला फ्रोझन खाण्याची एक वडी देत असाल तर साधारण 75 चौरस सेंटिमीटर जाळी, आणि रुंदीच्या दर अडीच सेंटिमीटरला ताशी 130 लिटर पाणी. टाकीच्या आकारावर नव्हे, तुम्ही किती खायला घालता त्यावर जाळीचं माप ठरतं. मला हे फार पटलं.

पहिले तीन-चार आठवडे तपकिरी चिकटाच येतो, धीर सोडू नका. मग हिरवं धरतं. आता दर रविवारी जाळी सिंकमध्ये घेऊन जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो. ओल्या लोकरीसारखी जाड पट्टी सुटून येते, ओहोटीच्या खडकांचा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरतो. पिळून घट्ट मूठभर गोळा. बायकोने त्या वासाबद्दल एकदाच मत दिलं, तेव्हापासून मी हे काम सकाळी सहाला उरकतो.

तुलना करायची तर ताकदीत स्क्रबर पुढे. कमी जागेत जास्त काढतो, सम्प नसेल तर टाकीच्या काठावर टांगायचा प्रकारही मिळतो. पण तो पंपाचा गुलाम आहे. वीज गेली की जाळी काही तासांत सुकते आणि वाढ मरते. चेटोला चार-सहा तासांच्या अंधाराचं काही वाटत नाही. गावाकडे भारनियमन असेल आणि इन्व्हर्टरवर पंप नसेल तर चेटोच घ्या. शिवाय स्क्रबरला दर आठवड्याचा हात लागतो. दोन आठवडे गावाला गेलात तर मुळाशी उजेड न पोचल्याने गठ्ठा सुटतो आणि टाकीत जातो.

दाणे आणि दारू

जीएफओ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे गंजासारखे दाणे. फॉस्फेट त्यांना चिकटतं, दाणे कचऱ्यात जातात, म्हणजे बादलीच्या कसोटीत पास. चांगलं धुऊन, रिअ‍ॅक्टरमध्ये (पाणी वाहत्या नळकांड्यात) हलकेच उकळल्यासारखे हलत ठेवायचे. जुन्या किंवा कोरड्या दगडातून महिनोन्‌महिने फॉस्फेट झिरपत असेल तर यांच्यासारखा उपाय नाही. धोका एकच, घाईचा. सांगितलेल्या मापाच्या निम्म्याने सुरुवात करा. फॉस्फेट धाडकन शून्यावर आलं की प्रवाळ फिके पडतात आणि डायनोंना रान मोकळं. 0.03 ते 0.1 पीपीएमच्या मध्ये राहिलात की पुरे. नायट्रेटला हे दाणे हातही लावत नाहीत.

नायट्रेटसाठी व्होडका किंवा पांढरं व्हिनेगर: कार्बन मिळाला की जिवाणू वाढतात, नायट्रेट खातात, आणि स्किमर हे फेस करणारं यंत्र त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतं. म्हणून दमदार स्किमर नसेल तर या वाटेला जाऊच नका. 200 लिटरला दिवसाला 0.2 मिली व्होडकापासून सुरुवात आणि आठवड्याला चिमूटभर वाढ, एवढ्या सबुरीचं हे काम आहे. माप चुकलं की पाणी ताकासारखं होतं, जिवाणू ऑक्सिजन ओढतात आणि मासे वर येऊन धापा टाकतात. मुंबईच्या मे महिन्यात, पाणी 29 अंशांवर असताना, ऑक्सिजन आधीच कमी. त्या दिवसांत मी हे सुरू करणार नाही.

औषधाच्या दुकानातून

हायड्रोजन पेरॉक्साइड: आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक वेळा 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असतं, म्हणजे 6 टक्के. परदेशी सल्ल्यांमधलं प्रमाण 3 टक्क्यांचं असतं. तेव्हा आधी तितकंच आरओचं पाणी घाला. दगड बाहेर काढून ब्रशने लावायला छान. टाकीत थेट ओतणार असाल तर आत क्लीनर कोळंबी नाही ना ते बघा, ती नाजूक.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनाझोल खरंच चालतं. रूढ मात्रा लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम, म्हणजे 200 लिटरला 150 मिलिग्रॅमच्या सात कॅप्सूल; दोन-तीन आठवडे फिल्टरमधला कोळसा (कार्बन) बाहेर आणि स्किमरचा कप काढलेला. पण हे चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, आणि मेलेलं ब्रायोप्सिस उपटून बाहेर काढलं नाही तर त्याचंच खत होतं. सायनोसाठी एरिथ्रोमायसिन घालणारे आहेत. मी घालत नाही. वाळूवरची साय नळीने ओढून काढणं आणि वेव्हमेकरचं (पाणी हलवणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवणं एवढ्याने माझं भागलं, आणि अँटिबायोटिकचं 40 लिटर पाणी गटारात ओतायची वेळ आली नाही.

मग तुम्ही काय घ्यावं?

सम्प आहे, टाकीत शेवाळ थोडंच आहे, आठवड्याला वेळ नाही: चेटो. शेवाळ माजलंय, वीज भरवशाची आहे, रविवार मोकळा आहे: स्क्रबर, आणि सोबत टूथब्रश. नायट्रेट ठीक, फक्त फॉस्फेट चढलेलं: जीएफओ, अर्ध्या मापाने. नायट्रेट 30-40 च्या वर, स्किमर दणकट आणि स्वभाव सबुरीचा: व्हिनेगर. सम्प नाही, टाकी 100 लिटरच्या आतली: हात, पाच-सहा ट्रोकस आणि नेमाने पाणी बदलणं, बाकी यंत्रणा तिथे अडचणच.

चाचणीत नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य आणि टाकी हिरवीगार, असं असेल तर त्या शून्यावर विश्वास ठेवू नका. शेवाळानेच ते गिळलेलं असतं. पण दोन्ही शून्य, हिरवं काही नाही आणि फिल्टर पेपरच्या चाचणीत तार धरली, तर तुम्ही बादली जरा जास्तच भरली आहे. चेटोचा दिवा बंद, जीएफओ बाहेर, पाणी बदलणं थांबवा, माशांना थोडं जास्त खायला घाला आणि नायट्रेट 5 च्या, फॉस्फेट 0.05 च्या आसपास आणा. गोगलगायी पटापट मरत असतील तर हे डायनो विषारी आहेत, उरलेल्या गोगलगायी दुसऱ्या टाकीत हलवा. रात्री धागे पाण्यात विरघळल्यासारखे दिसेनासे होत असतील तर यूव्ही दिवा कामाला येतो. वाळूतच बसून राहत असतील, तर यूव्हीवर पैसे घालवू नका.